कच्चे मडके



गेल्या कार्तिकातील गोष्ट. प्रकाशा येथे तापीकाठी सप्ताहातील कीर्तन आटोपून मी अंथरुणाला पाठ टेकली, तोच फोन वाजला. बोलणारा आपल्याच एका माळकऱ्याचा मुलगा. पुण्यास हिंजवडीत संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करतो. "महाराज, जागे आहात का?" एवढे म्हणून पोर गप्प झाले.

हकिकत अशी. दोन वर्षांपूर्वी त्याने लिहिलेल्या भागात एक चूक राहून गेली होती. ती तशीच निजली होती. नव्याने लागलेल्या एका मुलाने त्याला जोडून आपला भाग बसविला, आणि त्या रात्री सगळे काम बंद पडले. ठपका आला नव्या मुलावर. खरा दोष कोणाचा, हे ह्याने पाहताक्षणी ओळखले. कोणती ओळ कोणी आणि केव्हा लिहिली याची नोंद त्या धंद्यात राहते. चित्रगुप्ताची वहीच म्हणा ना! पण मागली पाने उलटतो कोण? वर्षाचे मूल्यमापन पंधरा दिवसांवर आलेले, बढती त्यावर, घराचे हप्ते बढतीवर. "आणि महाराज, आता पुष्कळसे प्रोग्राम यंत्रच लिहू लागले आहे. माणसे कमी करणार अशी कुजबूज आहे. अशा वेळी मी तोंड उघडावे काय?"

येथे माझेही सांगितले पाहिजे. मी म्हणालो, "नाम घे, पांडुरंग सर्व ठीक करील," आणि फोन ठेवला. नामाचे मी पांघरूण केले. ते ओढून मला झोप आली नाही, त्याला तरी कोठून येणार?

दुसऱ्या दिवशी चरित्र लावले होते गोरोबाकाकांचे. ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. संतांचा मेळा जमला असता मुक्ताईने थापटण्याकडे बोट करून हे काय म्हणून विचारले. काकांनी मडकी पारखण्याचे साधन म्हणून सांगितले, आणि एकेका संताच्या मस्तकावर ते चालविले. सारे शांत राहिले. नामदेवराय तेवढे चिडले; आणि काकांनी हे मडके कच्चे म्हणून निकाल दिला. आम्ही कीर्तनकार थापटण्याचा अभिनय करून येथे हशा मिळवितो आणि पुढे जातो. त्या दिवशी मात्र माझा पाय तेथेच अडला. ज्याच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला, त्याला चारचौघांत कच्चे ठरविले. तो रडत देवाकडे गेला, तर देवानेही त्याची बाजू घेतली नाही. विसोबा खेचरांकडे धाडले. आणि नवल पहा, ही फजिती वारकऱ्यांनी झाकली नाही. नामदेवपायरीवर कपाळ टेकणारे आपणच ती गावोगाव सांगतो.

पाठशाळेत आम्ही व्याकरण शिकलो तेव्हाही हेच पाहिले. पाणिनींची सुमारे चार हजार सूत्रे. कात्यायनांनी त्यांवर वार्तिके लिहिली: काय सांगितले, काय राहिले, काय चुकीचे सांगितले. दोष दाखविणाऱ्याला परंपरेने पाणिनींचा वैरी मानले नाही. पाणिनी, कात्यायन, पतंजली असे मुनित्रय एकाच ओळीत वंदिले जाते.

संगणकवाल्यांच्या चरित्रातही असाच दृष्टांत आहे. 1947 साली अमेरिकेत हार्वर्डच्या एका प्रचंड यंत्रात पतंग अडकून बिघाड झाला. तेथील मंडळींनी तो काढून टाकला नाही. कामाच्या वहीत चिकटवून शेजारी नोंद केली. चुकीला किडा म्हणण्याची रीत त्याआधीचीच, पण हा खराखुरा किडा निघाला. ती वही अजून जपून ठेवली आहे. आजही चांगल्या ठिकाणी बिघाडानंतर कागद लिहितात: काय घडले, का घडले, पुन्हा घडू नये म्हणून कोणती परीक्षा लावायची. माणूस शोधीत नाहीत, कारण शोधितात. मात्र कारण सापडायचे तर ज्याला ठाऊक आहे त्याने आधी बोलावे लागते.

कीर्तन संपताच मी होऊन फोन केला. म्हटले, "काल मी तुला चुकीचे सांगितले. तुझा बाप नंदुरबारच्या बाजारात मिरची नेतो, तो फटकी मिरची पोत्याच्या तळाशी दडवितो का?"

"नाही, महाराज. वेगळी काढतो. भाव कमी येतो."

"येतोच."

पोराने दुसऱ्या दिवशी साहेबांना लिहून दिले: ओळ माझी, चूक माझी, नव्या मुलाचा दोष नाही, दुरुस्ती अशी, आणि यापुढे तपासणी अशी. साहेब फार काही बोलले नाहीत. बढती त्या साली मिळाली नाही. "नाम घेऊन ती मिळाली असती काय?" असे त्याच्या आईने मला विचारले. मी काय सांगणार? नोकरी राहील असा शब्द पांडुरंगाने कोणाला दिलेला मला ठाऊक नाही. मुलाला झोप लागते, एवढे मात्र त्या माउलीनेच सांगितले.

यंदाच्या आषाढी वारीत संगणकवाल्यांच्या दिंडीबरोबर तो आळंदीहून पुण्यापर्यंत चालला. सोबत तो नवा मुलगाही होता. त्याने नवे बूट घातले होते. दिघीपाशीच पायाला फोड आले, आणि पुढे दोघेही अनवाणी चालले म्हणे.