कानस कुठे थांबवावी

बडोद्यात थंडी पडू लागली की पावागड, जांबुघोड्याकडच्या भटकंतीचे बेत सुरू होतात आणि शेतावर मुक्काम ठरला की पाठपिशवीत मावेल अशा छोट्या कुऱ्हाडीची आठवण होते. बाजारातली कुऱ्हाड क्वचितच जशीच्या तशी कामाची असते. धार जाड, दांडा व्हार्निशने गुळगुळीत. तळव्याला घाम आला की सटकणारा. मग हौशी माणूस कानस घेऊन बसतो.

आधी दांडा. व्हार्निश खरवडायचे, पॉलिशपेपर फिरवायचा, जवसाचे तेल मुरू द्यायचे. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने गेलेल्या हव्यात; आडव्या असतील तर दांडाच बदलावा. धामणीचा मिळाला तर उत्तम, ते लाकूड लवचीक असते आणि धक्का सोसते. नेढ्यात पाचर घट्ट बसली की मग पाते.

इथे घाई नडते. विजेच्या साणेवर काम झटपट होते, पण धारेवर निळी झाक आली की पोलादाचे पाणी उतरले. मग कितीही परजा, धार टिकत नाही. कानशीला वेळ लागतो, पण पाते तापत नाही. दोन्ही बाजू मिळून पंचवीस-तीस अंशांचा कोन पुरतो. त्याहून पातळ केली तर ओली फांदी सपकन तुटते खरी, पण सुक्या बाभळीची गाठ लागताच धार मुडपते.

म्हणून थोडे घासायचे आणि शेतात पडलेल्या ओंडक्यावर चालवून पाहायचे. अभयारण्यात नव्हे, तिथे लेखी परवानगीशिवाय हत्यार नेणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने मना आहे. चार घाव घातले की पाते उजेडात धरायचे. जिथे धार बोथट, तिथे बारीक चमक दिसते. तेवढेच पुन्हा घासायचे.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढले आणि हाताच्या कामाला शिक्षणात जागा दिली. काय करायचे ते पुस्तकातून कळते. कुठे थांबायचे ते मात्र हातालाच शिकावे लागते. घासून गेलेले पोलाद परत चढत नाही.

माणसांना सुधारताना आपण हे विसरतो. मुलाचे अक्षर, सुनेचा स्वयंपाक, हाताखालच्या माणसाचा मसुदा, सगळ्यांवर आपली कानस अखंड चालू. त्यांना कामाला लागू देऊन, कुठे अडते ते पाहण्याचा धीर नसतो. मग चूक जाते आणि तिच्याबरोबर उमेदही जाते. आज कुणाला काही सांगायचेच असेल तर एक गोष्ट सांगावी, आणि ती त्याच्या कामात उतरेपर्यंत दुसरी सांगू नये.