हरकतीची मुदत

चि. सायलीस,


तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. शाळेमागच्या ओढ्यावर स्लॅब टाकून वाहनतळ करायचं काम सुरू झालं, जेसीबी उतरला, काठची करंजं गेली आणि तुम्ही कॉलेजातली मुलं फलक घेऊन उभी राहिलात. तरी काम थांबलं नाही. शेवटी तू विचारलंस, "आत्याआजी, तू इतकी वर्षं पालिकेत होतीस, असलं काही मंजूर तरी कसं होतं गं?"

ते सांगण्याइतकं मला ठाऊक आहे. माझी सगळी नोकरी सभेचं इतिवृत्त लिहिण्यात गेली. कोण कशावर बोललं, सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव सर्वानुमते की बहुमताने, हे लिहिणारी बाई सभागृहात कुणाच्या नजरेत येत नाही. तिला मात्र सगळं दिसत असतं.

पहिली गोष्ट. 'पर्यावरण' असं शीर्षक घेऊन विषय सभेपुढे फारसा येतच नाही. तो बांधकामात येतो, पाणीपुरवठ्यात येतो, निविदेत येतो, जागेच्या भाडेपट्ट्यात येतो. तुझा ओढा वाहनतळाच्या कामात आला असणार. कधी कधी विषयपत्रिकेत तो नसतोच. सभेच्या शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने 'ऐनवेळचे विषय' घेतात. तोवर चहा येऊन गेलेला असतो, निम्मे सदस्य उठलेले असतात आणि चार ओळींचा ठराव दोन मिनिटांत होऊन जातो. पुढच्या सभेत पहिलाच विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा. ते कायम झालं की त्या चार ओळी दगडावरची रेघ.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. जेसीबी सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रकात त्या कामाला तरतूद झालेली असते. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, दर मंजुरी आणि कार्यादेश. या प्रत्येक पायरीला कागद असतो, कागदावर तारीख असते, आणि त्या तारखेच्या आधी बोललेल्या माणसाचं ऐकावं लागतं. कार्यादेश निघाला की ठेकेदाराचा हक्क तयार होतो. त्यानंतर काम थांबवायचं तर नुकसानभरपाईचा दावा लागेल, या भीतीने सहानुभूती असलेला नगरसेवकही गप्प बसतो. तुम्ही उभी राहिलात ते या शेवटच्या पायरीवर. तुमचा राग खरा होता, पण हरकतीची मुदत टळलेली होती.

तू म्हणशील, कायदा तर आपल्या बाजूने आहे. आहे, बराच आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि १ जून १९९३ पासून ती लागू झाली. शहरांकडे सोपवायच्या १८ विषयांत नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं संरक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या राज्यातल्या नगरपरिषदा मात्र चालतात १९६५ च्या अधिनियमावर आणि त्याहीपेक्षा जास्त, वरून येणाऱ्या निधीवर. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात छोट्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता-घनकचरा यांच्याशी बांधून ठेवला. ते एका परीने बरंच झालं, नाहीतर तोही रस्त्यांवर गेला असता. पण ओढा या कुठल्याच खान्यात बसत नाही. त्याची देखभाल करायची तर स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टीतून. आणि घरपट्टी वाढवणारा नगरसेवक पुन्हा निवडून येत नाही. छोट्या पालिकेत वेगळा पर्यावरण विभागही बहुधा नसतो. रस्ता, गटार, पाण्याची टाकी बघणाऱ्या अभियंत्यानेच ओढाही बघायचा.

त्यात मधली काही वर्षं तर सभाच नव्हत्या. २०२१ च्या अखेरीपासून एकेका नगरपरिषदेची मुदत संपत गेली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. सर्वसाधारण सभेचे आणि समित्यांचे अधिकार एका माणसाच्या हाती आले. सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोधात बोलणारं कुणी नाही. प्रशासक चांगला असला तर कामं भराभर झाली, नसला तरीही भराभरच झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान होऊन पुन्हा सभागृहं भरली. तुमच्या ओढ्याची फाईल बहुधा त्या मधल्या काळातली असेल. ते आधी तपासून घे.

आता, छोट्या गावाला काहीच जमत नाही असं समजू नकोस. वेंगुर्ल्याचं उदाहरण घे. क वर्ग नगरपरिषद, बारा-साडेबारा हजारांची वस्ती. २०१५ नंतर रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना कचरा घरातच वेगळा करून देण्याची शिस्त गावाने लावून घेतली. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, सुक्याचं प्रकारवार वर्गीकरण, प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात. ज्या डेपोच्या वासाने लोक नाक दाबत, तिथे बाग झाली आणि बाहेरगावचे लोक ती पाहायला येऊ लागले. सगळं श्रेय अधिकाऱ्याला देऊन टाकणं सोपं असतं. पण अधिकाऱ्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची. तो बदलून गेला तरी घंटागाडी दारात उभी राहून मिसळलेला कचरा नाकारते का, यावर गावाची परीक्षा. ती गाडी कशाच्या जोरावर नाकारणार? ठराव, उपविधी आणि ठेक्यातली अट, एवढंच तिच्या पाठीशी असतं.

ठेक्यातल्या अटीचं तुला सविस्तर सांगते, कारण वर्तमानपत्रात ते येत नाही. बऱ्याच ठिकाणी कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला वजनावर पैसे मिळतात. डेपोच्या काट्यावर गाडी जितकी जड, तितकं बिल मोठं. मग ओला-सुका वेगळा करा, घरीच खत करा, असं पालिका भिंतींवर कितीही रंगवो, ठेकेदाराचा फायदा मिसळलेल्या आणि भिजलेल्या कचऱ्यातच राहणार. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे देणं बंधनकारक केलं होतं. पण नियम दिल्लीत झाला आणि देयकाचं कोष्टक इथे जुनंच राहिलं, तर जिंकतं कोष्टक. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान चालू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश यांवर पालिकांना गुण मिळतात. त्या निमित्ताने झाडं लागली, काही चांगली कामंही झाली. पण गुण मिळवायला पंचमहाभूतांची चित्रं लवकर रंगवून होतात, निविदेतली एक अट बदलायला वर्ष जातं. तुझ्यासारखीने त्या अटीमागे लागावं.

दुसरं उदाहरण चिपळूणचं. ते जास्त अवघड आहे आणि म्हणूनच तुला जास्त उपयोगाचं. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने ते शहर बुडवलं. शिव नदी गावातून जाते, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणीही वाशिष्ठीलाच येतं, खाली भरतीचा फुगारा, आणि पात्रात वर्षानुवर्षं साचलेला गाळ. २०२१ च्या डिसेंबरात गावकऱ्यांनी साखळी उपोषण केलं, तेव्हा कुठे गाळ काढायचं काम हललं. इथपर्यंत सगळं गाव एका बाजूला होतं. पूररेषांचा प्रश्न आला आणि चित्र बदललं. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटी घालून. शहराचा मोठा भाग या रेषांच्या आत गेला. ज्यांची दुकानं पाण्याखाली गेली होती, त्याच लोकांनी रेषांना विरोध केला.

त्यांना लगेच लोभी म्हणू नकोस. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर राहिलो तिथे आता मजला चढवता येणार नाही, पडकं घर नव्याने बांधता येणार नाही, बँक कर्जाला नाही म्हणेल, हे ऐकल्यावर कुणीही हादरेल. पण पाणी सातबारा बघून येत नाही, हेही तितकंच खरं. धोरण म्हणजे या दोन खऱ्या गोष्टींमधून वाट काढणं. पुनर्बांधणीला कुठे आणि किती सवलत, तळमजला मोकळा ठेवायचा का, सखल भाग भरून पुराची जागाच कमी होऊ नये म्हणून काढलेला गाळ टाकायचा कुठे, असे प्रश्न एकेक करून सोडवावे लागतात. घोषणेत ते मावत नाहीत.

तुमच्या ओढ्यालाही हे लागू आहे. बाजारातल्या दुकानदारांना गाड्या लावायला जागा हवी, ही मागणी खोटी नाही. मीसुद्धा तिथे भाजी घ्यायला जाते. तुम्ही फक्त 'ओढा वाचवा' म्हणालात तर सभागृहात ते ओढ्याविरुद्ध बाजार असं दिसेल आणि बाजार जिंकेल. त्याच प्रभागात विकास आराखड्यात वाहनतळासाठी राखीव जागा आहे का, तिचं काय झालं, आठवडी बाजाराची जागा उरलेले सहा दिवस काय करते, हे शोधून घेऊन जा. स्लॅबखाली साचलेला कचरा पुढे काढणार कसा, हाही प्रश्न लेखी विचार. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. ओढा अरुंद झाला म्हणून पाऊस कमी पडत नाही.

आता करायचं काय, ते सांगते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाक. ठरावाची प्रत, इतिवृत्त, अंदाजपत्रकातली तरतूद, कार्यादेश आणि ओढ्याच्या हद्दीचा नकाशा माग. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज हातात देऊन येऊ नकोस, आवक क्रमांकाची पोच घे. पोच नसलेला अर्ज दप्तरी नसतोच. ठराव बेकायदा आहे असं कागदांवरून दिसलं, तर १९६५ च्या अधिनियमातल्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी तहकूब करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, पण तिथेही वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. उशिराचं कारण पटलं तरच आणखी साठ दिवस. तुमच्या करंजांसाठी १९७५ चा वृक्ष जतन कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि परवानगीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. तेव्हा परवानगी होती का, आणि झाडांचं वय कागदावर किती दाखवलं, हे विचार.

याच्याही पुढचं काम आहे विकास आराखड्याचं. वीस वर्षांचं गाव त्यात ठरतं. आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती-सूचना मागवतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. बागेचं आरक्षण उठवायचं असेल तरी १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना काढून महिनाभर हरकतींना द्यावा लागतो. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. आणि राखीव जागा पालिकेने दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊन ती सोडवून घेऊ शकतो. अशा किती बागा कागदावरच लागल्या आणि कागदावरच सुकल्या! तुमच्यातल्या एकाने दर आठवड्याला ती बारीक अक्षरं वाचायची आणि दुसऱ्याने पालिकेच्या फलकावरची विषयपत्रिका, असं वाटून घ्या.

आणि सभेला जाऊन बसा. सभा लोकांना खुली असते, मागच्या बाकांवर बसता येतं. मध्ये बोलता येत नाही, पण पाच-सहा तरुण मुलं वह्या उघडून बसली की ऐनवेळचे विषय जरा सावकाश वाचले जातात, हे मी पाहिलेलं आहे. जाताना गल्लीतल्या चार बायकांनाही घेऊन जा. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं हे त्यांना अभियंत्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आणि त्यांच्यासमोर नगरसेवकाला टोलवाटोलवी करता येत नाही.

एक काळजी घे. छोट्या गावात ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तोच परवा लग्नात पंगतीला शेजारी बसतो. ठेकेदार कुणाचा तरी मेहुणा असतो, अभियंता तुझ्या वडिलांचा वर्गमित्र. म्हणून भाषा जपून वापर, कामाबद्दल बोल, माणसाच्या हेतूबद्दल बोलू नकोस. सगळ्यांचा मिळून एक व्हिडिओ टाकण्याआधी सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज टाका. व्हिडिओ चार दिवस चालतो, अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

हा ओढा कदाचित आता वाचणार नाही. मी तुला खोटी आशा लावत नाही. स्लॅब पडलाच, तर निदान गाळ काढायला तोंडं किती ठेवली आणि पावसाळ्यापूर्वी तो काढायची जबाबदारी कोणाची, हे ठरावात लिहून घ्या. पण गावात आणखी दोन ओढे आहेत, त्यांच्यावर अजून कुणाची तरतूद पडलेली नाही. पुढचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत येईल. त्याच्या सूचना डिसेंबरातच लेखी द्या, दोन्ही ओढ्यांच्या हद्दी मोजून खुणा लावण्यासाठी तरतूद मागा. कागदपत्रं हातात आली की घेऊन ये, बसून वाचू. पालिकेची भाषा वाचायला पहिल्यांदा जड जाते, दुसऱ्यांदा नाही.

तुझी,
आत्याआजी