रकान्यांत न मावणारा सातबारा

नेरळ आणि कर्जत यांच्यामधल्या रेल्वे स्थानकाचे नाव भिवपुरी रोड. टाटांचे वीजगृह असलेली भिवपुरी मात्र तिथून बरीच दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. १९२२ पासून ठोकरवाडी धरणाचे पाणी त्या वीजगृहात उतरते, पुढे पेज नदीला मिळते आणि त्यावर कर्जतचे शेतकरी उन्हाळी भात घेतात. हा कर्जत तालुका १८८२ च्या गॅझेटियरमध्ये ठाणे जिल्ह्यात आहे. नंतर तो कुलाब्यात गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. शिवाय अहिल्यानगर जिल्ह्यात आणखी एक कर्जत आहेच. भिवपुरीजवळच्या एखाद्या शेताचे शंभर वर्षांचे कागद काढून बसा. जिल्ह्याचे नाव बदलत जाते, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर होतात, सर्व्हे नंबरचे हिस्से पडतात. जमीन तीच राहते. हे सगळे कागद एकाच जमिनीचे आहेत, हे माहीतगार तलाठ्याला कळत असे. संगणकाला ते कसे कळावे, हा माझ्या मते आपल्या महसुली अभिलेखांपुढचा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही.

आजचा सातबारा म्हणजे रकान्यांचा आणि ओळींचा, परस्परांशी किल्लीने जोडलेल्या तक्त्यांचा संच. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीचा हा आविष्कार. त्याचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो, खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन आठ-अ वर एका जागी दिसते. बेरीज, शोध, पडताळणी या कामांत तक्त्याला तोड नाही.

पण जमिनीच्या हक्कातला बदल नोंदला जातो तो फेरफारात, आणि फेरफार मुळात गद्य आहे. गाव नमुना सहामध्ये लिहिले जाते की अमुक खातेदार मयत झाला, मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. एका मुलीने हक्कसोडपत्र दिले, दुसरीने हरकत घेतली, म्हणून प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत गेले. मंडळ अधिकाऱ्याने जबाब घेऊन अमुक कारणास्तव नोंद प्रमाणित केली. या साखळीतून सातबाऱ्यावर उरतात ती काही नावे आणि फेरफाराचा क्रमांक. निकाल रकान्यात येतो, कारण बाहेर राहते. जुन्या सातबाऱ्यावरची 'ए. कु. मॅ.' ही तीन अक्षरे घ्या. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले. वाचणाऱ्याला त्यामागचे अख्खे घर दिसत होते. तक्ता तिथे एकच मालक पाहतो. धाकट्यांचा हक्क सिद्ध करायचा तर मूळ फेरफारापर्यंत जावे लागते, आणि तो बहुधा स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात असतो. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, जोडता येत नाही. नव्या फेरफाराचा मजकूर पडद्यावर दिसतो खरा, पण त्या वाक्यातले कोणते नाव वारसाचे आणि कोणते हरकतदाराचे, हे यंत्राला उमगत नाही. 'इतर हक्क' या रकान्याची तर कोंडीच झाली आहे. कुळ, बोजा, वहिवाट, विहिरीतला हिस्सा, न्यायालयाचा मनाई हुकूम, जे कुठेच बसत नाही ते सगळे तिथे.

मजकुरात खुणा करण्याच्या एक्सएमएल या भाषेचा उपयोग इथे आहे. वाक्य जसेच्या तसे ठेवून त्याच्या आत खुणा करायच्या: हे नाव मयताचे, हे वारसाचे, ही हरकत, हा आदेश, ही तारीख. खुणेत खूण बसते, शब्दांचा क्रम मोडत नाही, आणि माणूस वाचतो तोच मजकूर यंत्रही वाचते. या पद्धतीचा पूर्वज जीएमएल हा १९६९ मध्ये आयबीएममध्ये जन्मला, तोही वकिली कार्यालयांतले कागद हाताळण्याच्या खटपटीतून. तो घडवणाऱ्या तिघांपैकी चार्ल्स गोल्डफार्ब स्वतः वकील. दुसरे, रेमंड लोरी, पुढे त्याच आयबीएमच्या सिस्टम आर या सुरुवातीच्या रिलेशनल प्रकल्पात होते. तक्ता आणि खुणांचा दस्त यांत वैर मानण्याचे कारण नाही, हे इतक्या जुन्या काळापासून दिसते. एक्सएमएल १९९८ मध्ये प्रमाणित झाले, २००३ च्या एसक्यूएल प्रमाणात तक्त्याच्या रकान्यातच एक्सएमएल दस्त ठेवण्याची आणि २००६ च्या प्रमाणात त्यात शोध घेण्याची सोय आली. विषय आणि त्यांची नावे वेगळी ठेवणारे 'टॉपिक मॅप्स' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणही त्याच सुमाराचे. त्यात जागा एक, नावे अनेक आणि प्रत्येक नावाला काळ व संदर्भ, अशी मांडणी करता येते. कुलाबा-रायगडचा आणि दोन भिवपुरींचा गुंता त्याने सुटतो.

आक्षेप दोन आहेत. एक्सएमएल जडशीळ आहे, आता जेसॉन ही सुटसुटीत मांडणी आली, असे तंत्रज्ञ म्हणतात. देवाणघेवाणीसाठी ते बरोबर आहे. पण वाक्याच्या मधोमध खुणा करायच्या असतील तर जेसॉन तोकडे पडते. म्हणूनच जगभरचे हस्तलिखितांचे संपादक आजही एक्सएमएलवर आधारलेली टीईआय पद्धत वापरतात. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला वजनदार वाटतो. जुने मोडी कागद वाचून खुणा करणारी माणसे लागतील आणि त्यांना वेळ द्यावा लागेल.

तरीही हा खर्च का करावा, याचे उत्तर कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांमध्ये आहे. रायगडच्या जंगलातल्या दळी, म्हणजे फिरत्या शेतीच्या, जमिनी कसणाऱ्यांचे नाव बहुधा मालकीच्या रकान्यात सापडणार नाही. तिथे वनखाते आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे नियम मात्र वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरतात. तो जबाब म्हणजे सलग बोललेली हकीकत: कोणता ओढा, कोणाची नाचणी, कोणत्या सालचा दुष्काळ. तिचे तुकडे करून तक्त्यात भरले तर पुराव्याचा कणा मोडतो, आणि नुसती फाइलमध्ये टाकली तर शेजारच्या वाडीच्या जबाबाशी ती ताडून पाहता येत नाही. खुणा केलेला दस्त दोन्ही साधतो.

महसूल खात्याने सगळे एकदम करण्याची गरज नाही. यापुढे प्रमाणित होणारा प्रत्येक फेरफार आणि प्रत्येक वनहक्क जबाब मूळ शब्दांत, खुणांसह, सातबाऱ्याच्या तक्त्याला जोडून ठेवावा. सुरुवात एकट्या कर्जत तालुक्यापासून झाली तरी चालेल. आणि खुणांची यादी ठरवताना प्रोग्रामरच्या शेजारी निवृत्त तलाठी आणि वाडीतली जाणती माणसे बसवावीत. कोणती गोष्ट विसरून चालणार नाही हे त्यांनाच ठाऊक आहे.