कोठारातले धान्य कोणाचे?

इसवी सन 368-69 च्या सुमारास कप्पदुकिया प्रांतात हिवाळा कोरडा गेला, वसंतातच ऊन तापू लागले आणि शेते भेगाळली. प्रांताची राजधानी कैसरिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले कायसेरी. शहर मोठे, पण पठारावरचे, समुद्रापासून लांब. किनाऱ्यावरच्या गावांचे पीक बुडाले तर गलबतातून धान्य येते. डोंगरातून बैलगाडीने ते आणायचे म्हटले की धान्यापेक्षा भाडेच जड होते. त्यामुळे ज्यांची कोठारे आधीपासून भरलेली होती, त्यांच्या हाती शहराचा जीव गेला. त्यांनी दारांना कुलपे घातली आणि भाव चढायची वाट पाहत बसले.

याच शहरात बेसिल नावाचा चाळिशीच्या उंबरठ्यावरचा धर्मगुरू होता. घरचा सुखवस्तू, जमीनजुमल्याचा, अथेन्सला शिकलेला. शिक्षण संपल्यावर त्याने मानाची वाट सोडून साधकाचे जीवन पत्करले होते. दुष्काळात त्याने दिलेली प्रवचने आज सोळाशे वर्षांनंतरही वाचता येतात. संपत्तीविषयी ख्रिस्ती धर्म नेमके काय म्हणतो, असे मला कोणी विचारले तर मी आधी या प्रवचनांकडे बोट दाखवीन. त्यांत दयेचा पाझर आहेच; पण त्याआधी हिशेब आहे, तोही मालकीचा.

एका प्रवचनाला आधार आहे लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टान्ताचा. एका श्रीमंताच्या शेतात अमाप पिकते, कोठारे अपुरी पडतात. जुनी पाडून मोठी बांधावीत, असा बेत तो करतो आणि त्याच रात्री मरतो. बेसिल या माणसाच्या मरणावर फार थांबत नाही. तो त्याला विचारतो, जे तुझे म्हणतोस ते तू कुठून आणलेस? जन्माला येताना बरोबर काय होते? नाटकगृहात सगळ्यांसाठी मांडलेल्या जागा आधी येऊन अडवायच्या आणि मागून येणाऱ्याला हाकलायचे, तसे हे वागणे आहे, असे तो म्हणतो. तिथून तो थेट निष्कर्षावर येतो. तुझ्या घरात दडवलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतला जास्तीचा अंगरखा उघड्याचा, पडून कुजणारे जोडे अनवाण्याचे. अंगावरचे कपडे हिसकावणाऱ्याला आपण चोर म्हणतो. देता येत असूनही उघड्याला न देणाऱ्याला दुसरे कोणते नाव शोभेल?

इथे दान हा शब्दच बसत नाही. ज्याचे त्याला परत करणे म्हणजे कर्जफेड. कर्ज फेडणाऱ्याचे आभार मानायची गरज नसते आणि फेडणाऱ्याला उपकाराचा तोराही मिरवता येत नाही.

त्याच प्रवचनात एक बाप आहे. घरात विकण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून तो मुलांकडे पाहतो. बाजारात एकाला विकले तर बाकीचे काही दिवस जगतील. पण कोणाला? थोरल्याला न्यावे तर तो घराचा पहिला मुलगा, धाकट्याला न्यावे तर त्याला अजून जगाची जाण नाही. एकाच्या तोंडावर आईबापांची छबी, दुसऱ्याला शिकण्याची गोडी. बेसिल हा बाप अगदी जवळून दाखवतो, त्याच्या मनातले प्रत्येक वळण आपल्याला घ्यायला लावतो. शेवटी बाप डोळे पुसत एकाला घेऊन निघतो आणि समोरचा धान्यवाला भावात घासाघीस करतो. हा घासाघीस करणारा ऐकणाऱ्यांतच बसलेला असणार, हे बेसिलला ठाऊक होते. माझ्या मते ही त्या प्रवचनाची खरी ताकद. दुसऱ्या एका प्रवचनात त्याने पावसासाठीच्या प्रार्थनेवरही बोट ठेवले आहे. पाट्या बाजूला ठेवून शाळेतली लेकरे प्रार्थनेला येतात आणि ज्यांच्या वागण्याने ही वेळ आली, ते मोठे मात्र धंद्यात गुंतलेले.

हा विचार बेसिलने शून्यातून काढला नव्हता. शेत कापताना कडेचे पीक सोडावे, खाली पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबाची आणि परक्याची, असा नियम मोशेच्या शास्त्रात आहे. रूथ ही परक्या मुलखातली विधवा बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचते ती भीक म्हणून नव्हे. शेतमालकाचा हक्क बांधापर्यंत पोचतच नाही, थोडा अलीकडे थांबतो. येशूचा लाजराचा दृष्टान्त हीच गोष्ट पुढे नेतो. फोडांनी भरलेला लाजर श्रीमंताच्या दाराशी पडलेला आहे, आणि मेल्यावर श्रीमंत यातनेत पडतो. त्याने लाजराला लुटले, मारले, हाकलले असे कथेत कुठेही नाही. बेसिलनंतर जेमतेम वीस वर्षांनी अंत्युखियात जॉन क्रिसोस्टमने यावर प्रवचनांची मालिकाच केली. आपल्याजवळचे वाटून न घेणे हीच चोरी, असे त्याने बजावले. पुढे तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, बिशपच्या घरचा खर्च छाटून पैसा रुग्णालयांकडे वळवला. दरबार, श्रीमंत आणि कित्येक धर्मगुरू अशा सगळ्यांशी त्याचे बिनसले. अखेर हद्दपारीत, सक्तीच्या वाटचालीत, 407 मध्ये तो मेला.

संपत्तीकडे पाहण्याची दुसरी वाटही ख्रिस्ती परंपरेत आहे, आणि ती बेसिलच्या आधीची. एका श्रीमंत तरुणाला येशू सर्वस्व विकून गरिबांना द्यायला सांगतो, तेव्हा तो खिन्न होऊन निघून जातो. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने इसवी सन 200 च्या आसपास याचा अर्थ लावला: टाकायची ती संपत्तीची आसक्ती. कोणाकडेच काही उरले नाही तर भुकेल्याला देणार कोण, हा त्याचा प्रश्न वाजवी आहे. क्लेमेंट लबाड नव्हता. वाटून घ्या असे तोही सांगतो. पण त्याच्या या उत्तराचा वापर शतकानुशतके कसा झाला, ते पाहिले की मन विषण्ण होते. मन अलिप्त आहे असे एकदा ठरवले की तिजोरी उघडायचे कारण राहत नाही. अलिप्तता मोजायची कशाने? बेसिलचे माप सोपे, म्हणूनच टोचणारे आहे. पेटीत अंगरखे किती आहेत, ते मोजता येते.

खुद्द चर्चही या मापाला अनेकदा उतरले नाही. जमिनी, महाल, सोन्याची पात्रे साठत गेली. वेदीवर रेशमी वस्त्र आणि दाराबाहेर थंडीने कुडकुडणारा ख्रिस्त, ही विसंगती क्रिसोस्टमला चौथ्या शतकातच दिसली होती.

बेसिल बोलून थांबला नाही. वडिलोपार्जित मालमत्ता विकून त्याने धान्य घेतले, विनवण्या करून इतरांची कोठारेही उघडायला लावली. त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो की भुकेलेल्यांना एकत्र करून बेसिलने कढणाचे आणि खारवलेल्या मांसाचे हंडे मांडले आणि कमरेला फडके गुंडाळून स्वतः वाढले. 370 मध्ये तो बिशप झाला. त्यानंतर शहराबाहेर उभी राहिली एक वस्तीच: आजाऱ्यांसाठी रुग्णालय, वाटसरूंसाठी धर्मशाळा, कारागिरांच्या शाळा, आणि जवळची माणसेही ज्यांच्याकडे फिरकत नव्हती त्या कुष्ठरोग्यांसाठी घर. त्यांना बेसिल स्वतः कवटाळत असे. एवढे मोठे बांधकाम कशासाठी, अशा तक्रारी प्रांताधिकाऱ्याच्या कानावर गेल्या, तेव्हा बेसिलने त्याला पत्रच लिहिले: यात कोणाचे नुकसान होते ते सांगा.

दुसरे एक पत्र मला याहून मोलाचे वाटते. तोरोस डोंगरातल्या लोकांकडून सरकार लोखंडाचा कर वसूल करत असे. तो हलका करावा, लोक कंगाल होत आहेत, असे बेसिलने थेट मोदेस्तस या बड्या अधिकाऱ्याला लिहिले. कढणाचा हंडा आणि कराचा अर्ज त्याच्या लेखी एकाच कामाचे भाग होते.

आता मराठी वाचकाच्या मनात जो प्रश्न असतोच, त्याकडे येतो. ही सेवा धर्मांतरासाठी नव्हती कशावरून? प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, ते याच आक्षेपापायी. मी बेसिलचा तर्क पुढे नेतो. धान्य भुकेल्याचेच असेल तर ते देताना अट घालता येत नाही. ऋणकोने धनकोला देव बदलायला सांगायचा नसतो. जिथे ख्रिस्ती सेवेने घासासोबत बाप्तिस्म्याची अपेक्षा ठेवली, तिथे ती आपल्याच पूर्वजांच्या शिकवणीला चुकली. कैसरियातल्या दुष्काळात यहुद्यांच्या मुलांनाही बरोबरीने अन्न मिळाले, अशी नोंद बेसिलच्या भावाने केली आहे. आणि त्याच्या काही वर्षे आधी, ख्रिस्ती धर्म सोडलेला सम्राट ज्युलियन शेजारच्या गलातियातल्या आपल्या पुरोहिताला लिहीत होता की हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती, लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि याची आम्हाला लाज वाटली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याने चिडून दिलेली ही साक्ष आहे.

रमाबाईंचे काम मी याच कसोटीवर पाहतो. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रानोमाळ उपाशी हिंडणे त्यांनी स्वतः भोगले होते. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या मुली अक्षरे शिकल्या, विणकाम शिकल्या, शेती आणि छापखान्यातली कामे शिकल्या. तिथे श्रद्धेचा आग्रह होता, हे लपवण्यात अर्थ नाही, आणि त्याबद्दल मला अवघडल्यासारखे होतेच. पण त्या मुलींना परत आश्रिताच्या रांगेत उभे राहावे लागू नये, ही धडपडही तितकीच खरी. 1897 मध्येच प्लेगच्या काळात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र छापून सरकारला जाहीर जाब विचारला. सरकारने आरोप नाकारले. ज्या मिशनरी वर्तुळातून मदत येत होती, त्याला इंग्रजी सत्तेशी भांडण नको होते, तरीही रमाबाईंनी ते पत्र लिहिले. बेसिलच्या लोखंडाच्या करावरच्या पत्राशेजारी मी ते ठेवतो.