चौकटीतला माणूस

हलत्या चित्रातील माणसाचा माग संगणक कसा काढतो? प्रत्येक चित्रात तो माणूस ओळखून त्याभोवती चौकट आखतो, चौकटीला क्रमांक देतो. माणूस खांबाआड गेला, तर गतीवरून तो कोठे प्रकटेल याचे अनुमान बांधतो. रुडॉल्फ काल्मन यांचे १९६० सालचे गणित येथे कामी येते. क्रमांकाला नाव नसते, म्हणून सारे निरुपद्रवी भासते. पाळत मात्र माणसावरच असते.

एका दृष्टिक्षेपात वस्तू ओळखणारी ‘योलो’ प्रणाली जोसेफ रेडमन यांनी सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये मांडली. लष्करी वापर आणि खासगी जीवनावरील आक्रमण यांकडे डोळेझाक करणे अशक्य झाल्याने आपण हे संशोधन थांबवले, असे त्यांनी २०२० च्या फेब्रुवारीत जाहीर केले. एप्रिलमध्ये इतरांनी पुढची आवृत्ती काढलीही!

मग ही माघार व्यर्थ? मला तसे वाटत नाही. ‘मी नाही, तर दुसरा करील’ हे समर्थन जल्लादालाही सोयीचे असते. तरीही हीच चौकट रस्ता ओलांडणारे मूल हेरून मोटार थांबवू शकते. तेव्हा प्रत्येक संशोधकाने हात आवरावा, असे मी म्हणणार नाही. शिवाय रेडमन यांनी प्रणाली आधीच सर्वांना विनामूल्य खुली केली होती. ती परत घेणे त्यांच्या हाती उरले नव्हते.