प्यादे मागे फिरत नाही

बुद्धिबळाच्या पटावर वजीर, हत्ती, उंट आणि घोडा चुकले तर परत फिरू शकतात. प्याद्याला मात्र परतीची वाट नाही. ते एक घर पुढे सरकले की मागचे घर त्याला कायमचे पारखे होते.

सुटीत भाच्याला हा खेळ शिकवताना आम्हांला हे नव्याने जाणवले. किल्लेकोट केलेल्या राजापुढचे प्यादे त्याने उत्साहाच्या भरात दोन घरे पुढे रेटले. त्या प्याद्याचा पहारा उठलेल्या घरात काही खेळ्यांनंतर आमचा घोडा येऊन बसला, तेव्हा तो कळवळून म्हणाला, "मामा, तेवढं प्यादं मागे घेऊ दे ना!" आम्ही नकार दिला. पण एक प्रश्न मनात घर करून राहिला : जे पाऊल मागे घेता येत नाही, त्याबद्दलच्या पश्चात्तापाला अर्थ कोणता?

फिलिदोर या फ्रेंच संगीतकार-खेळाडूने १७४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्याद्यांना खेळाच्या आत्म्याचे स्थान दिले. मोठे मोहरे येतात आणि जातात, प्याद्यांची रचना मात्र टिकून राहते. हत्तीला कोणती वाट मोकळी, घोड्याला कोठे आसरा, हे तीच ठरविते. आपल्या स्वभावाचेही असेच नाही काय? आयुष्यात मोठे प्रसंग थोडेच येतात. रागाच्या भरात उच्चारलेला शब्द, टाळलेली भेट, न पाळलेले वचन, अशा लहान पावलांनीच आपली घडण होते.

ज्याच्या शेजारच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांत आपले दुसरे प्यादे उरलेले नसते, ते एकाकी प्यादे. त्याचे रक्षण मोठ्या मोहऱ्यांनाच करावे लागते. परंतु शेजारच्या त्याच रिकाम्या पट्ट्या हत्तींना मोकळ्या मिळतात. म्हणून अभ्यासू खेळाडू दोष नाकारीत नाही. तो नेमका कोठे आहे आणि त्याच्याभोवती काय उभे करता येईल, हे पाहतो.

१९७२ साली रेक्याविक येथील जगज्जेतेपदाच्या लढतीत फिशर स्पास्कीविरुद्ध ०-२ असा मागे होता. तिसऱ्या डावात त्याने आपल्याच राजापुढची प्यादी मोडू दिली. एकाच पट्टीत एकामागे एक अशी दोन प्यादी उभी राहिली. बदल्यात स्पास्कीचा पांढऱ्या घरांवरचा उंट गेला. तो डाव फिशरने जिंकला. स्पास्कीवरचा तो त्याचा पहिलाच विजय होता.

अर्थात फिशरने ती मोडतोड जाणूनबुजून पत्करली होती. आपली मोडतोड बहुधा बेपर्वाईतून होते, आणि आपण दुखावतो ती माणसे असतात, लाकडी प्यादी नव्हेत. म्हणून चुकीला चांगले म्हणण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. पश्चात्ताप म्हणजे झालेले पुसून टाकणे नव्हे. उघडे पडलेले घर ओळखून उरलेले सारे बळ त्याच्या रक्षणास लावणे, म्हणजे पश्चात्ताप. क्षमा मागण्यासाठी जाणारी पावले मागे जात नाहीत, तीही पुढेच पडतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोच डाव पुन्हा मांडला. भाच्याला म्हटले, "प्यादे तेथेच राहील. आता त्याच्या मदतीला कोण कोण येऊ शकते, ते पाहू." तो हरलाच. पण या वेळी बराच वेळ लढला, आणि प्यादे मागे मागितले नाही.