शिंगांचा मोह



कार्तिकीला पंढरीत नसण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात दोनदा आली. पहिल्या खेपेचे शेवटी सांगतो. दुसऱ्या खेपेला मी अमेरिकेत, मिशिगन राज्यात लेकीकडे होतो. गुडघे चालू देईनात, म्हणून तिने नेले. एकादशी तिच्या घरीच केली.

त्या राज्यात १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम सुरू होतो तो महिनाअखेरपर्यंत. माणसे पहाटेच नारिंगी कपडे घालून रानात जातात. एका शिकाऱ्याने दुसऱ्यावर चुकून गोळी झाडू नये म्हणून तो रंग. एका सकाळी लेकीच्या शेजाऱ्याने मोठा नर मारून आणला आणि अंगणातल्या झाडाला टांगला. पांढऱ्या शेपटीचे हरीण म्हणतात ते हेच. भ्याले की शेपटी उभारून पळते, तेव्हा खालचा पांढरा रंग दिसतो. मी खिडकीतून पाहिले. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात पन्नास वर्षे हरिकथा. मनात काय आले असेल ते आपण जाणताच.

संध्याकाळी तो शेजारी चहाला आला. लेक मधे बसून एकाचे दुसऱ्याला सांगत होती. मी सरळच विचारले, "याला का मारलेत?"

तो रागावला नाही. म्हणाला, १९०० सालच्या सुमारास बेसुमार शिकारीने ही हरणे देशभरात काही लाखच उरली होती. मग कायदे झाले, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणाला लावला. आज हरणे कोटींच्या घरात आहेत. लांडगे बहुतेक ठिकाणी माणसाने आधीच संपवले. आता हरणे वाढली की रानातली कोवळी रोपे उरत नाहीत, रस्त्यावर गाड्यांखाली येतात, कडक हिवाळ्यात उपाशी मरतात. ऐकून मी गप्प झालो. तिथल्या रानाचा हिशेब मला इथे बसून कसा कळावा?

मग तो रंगात आला. त्या हंगामात त्याने कितीतरी तरुण नर डोळ्यांसमोरून जाऊ दिले होते. त्याला हवा होता पाच वर्षांचा, पुरता वाढलेला. असा नर हाती लागत नाही. त्याचे नाक फार तिखट. शिकारी झाडावर मचाण बांधून बसतो तोही वारा कुठून येतो ते पाहून. तो नर दिवसा दाट झाडीत पडून राहतो, रात्री चरतो. पण नोव्हेंबरात माद्यांचा काळ आला की त्याचे सगळे शहाणपण सुटते. खाणे विसरतो, रोडावतो, भर दिवसा उघड्यावर येतो. शिकारी दोन शिंगे एकमेकांवर आपटतो, की त्याला वाटते दोन नर झुंजताहेत. तोंडाने हरणासारखा आवाज काढतो, मादीचा वास लावून ठेवतो. "मग तो आपल्या पायांनी चालत येतो," शेजारी म्हणाला.

मी विचारले, "असे मोठे नर मारून हरणांची संख्या आटोक्यात येते का?"

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "नाही. त्यासाठी माद्या माराव्या लागतात. हा मी माझ्या हौसेसाठी मारला. मांस आम्ही खाऊ, पण शिंगे भिंतीवर लावीन."

माउली, त्या रात्री मला झोप लागली नाही. महाभारतातली पंडूची कथा आठवली. त्याने मृगीशी रत असलेल्या मृगाला बाण मारला. तो मृग म्हणजे किंदम ऋषी. मरताना ऋषी म्हणाले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. राजे शिकार करतात, त्याचा त्यांना राग नव्हता. वेळ पाहिली नाहीस, हा त्यांचा आक्षेप होता. जीव भान विसरलेला असताना त्याला गाठणे हे त्यांना क्रौर्य वाटले. म्हणजे मारले की नाही, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. कशासाठी आणि कोणत्या क्षणी, हेही धर्म विचारतो. गरज एक असते आणि हौस दुसरी. पण हौस नेहमी गरजेचे कपडे घालून येते. शेजाऱ्याने ते कपडे माझ्यासमोर उतरवून ठेवले. हत्या मला आजही पटत नाही, पण त्याचा खरेपणा मी विसरलो नाही.

एकनाथ महाराजांनी ज्या एकादश स्कंधावर टीका केली, त्यात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. गाण्याला भुलून फासात सापडणारा हरीण त्यांतलाच एक. त्यावर मी किती कीर्तने केली, गणती नाही. सांगताना मात्र हरीण नेहमी समोरच्या श्रोत्यांत पाहिला.

आता पहिली खेप. ऐन उमेदीत, कार्तिकीच्या तोंडावर, एका शहरातून निमंत्रण आले. बिदागी मोठी, वर जाहीर सत्कार. हरिकथा सांगणे हीसुद्धा वारीच, असे मी दिंडीतल्या माणसांना सांगितले आणि गेलो. पंचवीस वर्षे न चुकलेली वारी एका हाकेने चुकली. ते मानपत्र चौकट करून बैठकीत लावले. माझीही शिंगे भिंतीवरच होती.

शेजाऱ्याने आणखी एक सांगितले होते. हे हरीण आपली शिंगे दर हिवाळ्यात टाकून देते आणि नव्याने वाढवते. ज्यांच्यासाठी त्याचा जीव जातो, ती त्याला स्वतःला जन्मभर बाळगायची नसतात. बाळगतो तो माणूस.

परत आल्यावर मानपत्र उतरवायला मला सहा महिने लागले. आपण शिकार करत नाही, मांस खात नाही, हे चांगलेच आहे. पण कोणत्या हाकेला आपण झाडीतून बाहेर येतो, ते एकदा आपल्या घराच्या भिंतींकडे पाहून स्वतःला विचारावे, एवढीच विनंती.

राम कृष्ण हरी.